आकडा फोनवर सांगायचा नाही

निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो आणि फोन वाजला की माझे हात गार पडतात. भर उन्हाळ्यातसुद्धा. बायको म्हणते, बीपी तपासून घ्या. बीपी ठीक आहे.

मी राज्यशास्त्र शिकवतो. मला कलमं विचारा, घटनादुरुस्त्या विचारा. पण हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात निकालाच्या दिवशी कलमं कोण विचारतंय? "सर, माझा सीजीपीए काढून द्या ना," एवढंच असतं. कारण ऑनलाइन निकालात त्या एका सत्राचा आकडा तेवढा दिसतो. सहाही सत्रांचा मिळून जो सीजीपीए, तो छापील गुणपत्रिकेवर येतो आणि ती यायला वेळ लागतो. प्रवेशाच्या तारखा तोवर थांबत नाहीत. मग मुलं घाबरून फोन करतात. मी प्रत्येकाला एकच शब्द सांगतो, "ये." किती आले, कुठून बोलतोस, काही विचारत नाही.

परवा एका मुलीचं गणित झाल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्ही तर पॉलिटिकलचे. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी म्हणालो, "येतं अनुभवानं."

ती हसून गेली. मी तिथंच बसून राहिलो. एक नाव ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. त्या माणसाचं एवढं देणं लागतो आणि नावसुद्धा घेता येत नाही, ही गोष्ट आता पुरे झाली असं वाटलं. म्हणून लिहितोय.

खिल्लारे मॅडम. संख्याशास्त्राच्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन आणि दर जूनला नव्यानं मुलाखत. अंगानं बारीक, चालणं मात्र असं की सोबतच्या माणसाला पळावं लागे. वर्गात त्यांचा आवाज खालच्या गेटपर्यंत जायचा. स्टाफरूममध्ये आल्या की तोच आवाज इतका लहान व्हायचा की चहा पाहिजे का नको हेही दोनदा विचारावं लागे. बसायच्या दाराजवळच्या खुर्चीत. आत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तिथंच. मी एकदा म्हणालो, "मॅडम, आत या की, पंख्याखाली." तर म्हणाल्या, "राहू द्या सर. उठवायच्या आधी आपणच दाराजवळ बसलेलं बरं असतंय." आणि हसल्या. मीही हसलो. मी कायम नोकरीतला माणूस, मला हसायला काय जातंय!

निकालाच्या काळात त्यांच्या प्रयोगशाळेमागच्या व्हरांड्यात मुलांची रांग लागायची. आमचे भौतिकशास्त्राचे कदम सर त्याला दवाखाना म्हणत. "काय मॅडम, ओपीडी चालू झाली का? आज किती पेशंट?" मॅडम पर्समधून स्टीलची डबी काढायच्या. तिच्यात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे.

हा त्यांचा नियम होता. उपाशी पोटी कुणाचा जीपीए काढायचा नाही.

"काय खाल्लं सकाळपासून?"

"चहा पिलो मॅडम."

"चहा खात असतेत का? घे. चावून खा. मग बोलू."

आणि तो तोंड हलवत असताना त्या त्याच्याकडे बघत राहायच्या. घास गिळता येतोय का, हात कापतोय का. मला आधी ही बाईमाणसाची माया वाटायची. ती तपासणी होती, हे मला फार उशिरा कळलं.

गणित त्या कधीच स्वतः करून देत नसत. खडू मुलाच्या हातात. "आधी तळ बांध," म्हणायच्या. म्हणजे आधी खाली एकूण क्रेडिट, सगळ्या विषयांची मिळून वजनं, लिहायची, भोवती गोल करायचा, मगच वर हात लावायचा. प्रत्येक विषयाला जेवढी क्रेडिट, ती त्या विषयात मिळालेल्या ग्रेडच्या पॉइंटनं गुणायची, सगळे गुणाकार मिळवायचे आणि त्या तळानं भागायचं. एवढंच तर आहे. पण मुलं वरून सुरू करायची आणि तळ सोयीनं ठेवायची.

हट्टा गावचा एक जण असाच नाचत आला होता. "मॅडम, सात पॉइंट दोन!" मॅडमनी त्याला गूळ दिला आणि फळ्याकडे पाठवलं. त्यानं तळ बांधला. मॅडम बघून म्हणाल्या, "गणिताचा दुसरा पेपर कुठं हाय?"

"त्यात नापास झालो ना मॅडम. म्हणून सोडला."

"तू त्याला सोडलं. त्यानं तुला सोडलं का?"

पोरगं हातातला खडू चोळत राहिलं.

"वर त्याचा शून्य धर, चालतंय. पण त्याची क्रेडिट खाली बसून राहतेत. पास होईस्तोवर हलत न्हाईत ती. लिही."

त्यानं लिहिलं. आकडा धाडकन खाली आला. मग मॅडमनी त्याला अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं, तो पेपर सुटला तर आकडा कुठं जाईल हे त्याच्याकडूनच काढून घेतलं, आणि शेवटी विचारलं, "गावाकडं कोणासंग जातोस?" हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारायच्या. चांगला आकडा आलेल्यालाही.

त्याच पोराच्या घरचं दूध संकलन होतं. सत्रांची क्रेडिट सारखी नसतात, त्यामुळे सत्रांच्या आकड्यांची नुसती बेरीज करून सहानं भागायचं नाही, हे त्याला पटेना. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या सेंटरवर कॅनभर पातळ दूध आलं आणि गिलासभर घट्ट आलं. दोन्ही एका टाकीत ओतलं. फॅट मधोमध येईल का?"

"कसं येईल मॅडम? कॅनकडंच राहील."

"मग? मोठं सत्र म्हंजी कॅन. ज्याचं वजन जास्त, आकडा त्याच्याकडं झुकतो. वजन इसरला की खोटं बोलला."

हे मी दारात उभा राहून ऐकलं होतं. स्वच्छ कळलं होतं. ऐकलं, आणि पुढं गेलो. आपल्याला काय करायचंय!

त्यांचा दुसरा नियम फोनचा. आकडा फोनवर सांगायचा नाही. कुणी कितीही गयावया केली तरी "ये" म्हणायच्या. कदम सरांनी एकदा छेडलं, "अहो, तिकडं डोंगरकडा गावाहून पोरगं यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला त्याचा. एक आकडा सांगायला काय तकलीफ आहे?"

मॅडम म्हणाल्या, "फोनवर तोंड दिसत न्हाई सर."

कदम सर उठून तासाला गेल्यावर त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. त्यांच्या शिकतानाच्या दिवसांत, वसतिगृहात त्यांच्या खोलीतल्या मैत्रिणीनं निकालाचा आकडा विचारायला कॉइन टाकायच्या डब्यावरून कॉलेजात फोन लावला होता. पलीकडून कुणीतरी सांगितला. मैत्रीण खोलीत आली, ह्यांना म्हणाली, "मी जरा भाजी घेऊन येते," पिशवी घेतली आणि गेली.

"मी विचारलं बी न्हाई सर, किती आले म्हणून. मला वाटलं, भाजीलाच चालली."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. डबीचं झाकण त्या कितीतरी वेळ घट्ट करत राहिल्या. निकालाच्या दिवशी ह्या बाईच्या घशाखाली घास का उतरत नाही, सगळ्यांना खाऊ घालून स्वतः का उपाशी असतात, ते त्या दिवशी मला समजलं. ती भीती होती. दर वर्षी नवी.

आता रेणुकाचं.

डोंगरकड्याकडची पोरगी. घरात मेंढरं, थोडी शेती. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेणारी त्या घरातलीच काय, त्या आळीतली पहिली. पहिल्या वर्षी इंग्रजीनं तिला चांगलंच तुडवलं, जेमतेम पाचाच्या आसपास आकडे. नंतर मॅडमच्या हाताखाली चढत गेली. एम.एस्सी.च्या प्रवेशाला सीजीपीए सहा पाहिजे होता. वडिलांनी मॅडमसमोरच सांगितलं होतं, "सहा आले तर मी मेंढरं विकून शिकवीन. न्हाई आले तर पाहुणे थांबलेलेच हायेत. मंग मला नावं ठेवू नका." मॅडम म्हणाल्या होत्या, "बराबर. शब्द दिलाय, ध्यानात ठेवा."

शेवटच्या सत्राचा निकाल लागला तेव्हा मॅडम एका परीक्षेवर पर्यवेक्षणाला होत्या. फोन आत न्यायचा नसतो, म्हणून तो स्टाफरूममध्ये चार्जिंगला लावलेला. खोलीत मी एकटा. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मी वैतागून उचलला.

"मॅडम, रेणुका बोलून राहिले. सहा पॉइंट नऊ आले मॅडम शेवटच्याला! सगळे मिळून किती होतेत?"

"मॅडम आत आहेत. मी सर बोलतोय."

"सर, तुमी सांगा ना. आमच्या इथं पाव्हणे बसलेत. बापू इचारून राहिले."

तिथं मी "ये" म्हणायला पाहिजे होतं. निदान "थांब" म्हणायला पाहिजे होतं. पण मला हे येत नाही असं एका पोरीला सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, "सांग आकडे." तिनं सहा आकडे सांगितले. मी बेरीज केली. सहानं भागलं.

"पाच पॉइंट शहाण्णव. सहा होत नाहीत बघ."

पलीकडे कोंबडा ओरडल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "बरं सर." आणि फोन ठेवला.

मॅडम आल्या तेव्हा मी काही बोललो नाही. विसरलो नव्हतो. नको वाटलं. थोड्या वेळानं त्यांना रेणुकाच्या वडिलांचा फोन आला. पोरगी घरात नाही. कुणाला काही न सांगता निघून गेली. फोन बंद. कालव्याला पाणी सुटलंय, त्या अंगानं माणसं पाठवलीत.

मॅडम उभ्याच होत्या. त्यांनी आपला फोन चाळला आणि खोलीत नजर फिरवली. कदम सर नुकतेच येऊन टेकले होते.

"रेणुकाचा फोन उचलला गेलाय. कोणी घेतला होता?"

"मी तर आत्ताच आलो बाबा तासावरून," कदम सर म्हणाले.

"मी नाही," मी म्हणालो.

दोन शब्द. आयुष्यात भाषणं पुष्कळ केली, त्यातलं एकही ध्यानात नाही. हे दोन शब्द मात्र रोज आठवतात.

मॅडम माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, तुमची गाडी हाय ना? चला."

कळमनुरी गेलं, बाळापूर गेलं. मी गाडी चालवत होतो. रस्त्याच्या कडेला चार माणसं एकत्र दिसली की मी त्यांच्या पायांशी काही पडलंय का बघायचो. एका ओढ्याच्या पुलावर पोरं वाकून खाली बघत होती, माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ती मासे बघत होती. मॅडम वाकल्यासुद्धा नाहीत. त्यांनी रेणुकाच्या चुलतभावाला फोन लावून निकाल उघडायला लावला, शेवटचा आकडा घेतला. आधीच्या सत्रांचे त्यांना पाठ होते. गाडीच्या पुढच्या काचेखाली धूळ साचली होती, तिच्यावर बोटानं आधी त्यांनी तळ लिहिला. एकशे चव्वेचाळीस. भोवती गोल.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "सर, सहा पॉइंट शून्य सात येतात."

मी गिअर बदलला.

"पहिल्या वर्षाची क्रेडिट कमी हायेत. शेवटच्या वर्षाची जास्त. सहाच्या वर हाय पोरगी. मग काहून गेली?"

केळीच्या बागा मागे पळत होत्या. त्यांनी त्याच धुळीत पुन्हा काहीतरी लिहिलं, छोटंसं, आणि तळहातानं पुसून टाकलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"नुसती सहानं भागली कोणीतरी," त्या खिडकीकडे बघत हळू बोलल्या. "कॅन आणि गिलास एकच धरले."

मला तेव्हा गाडी थांबवून सांगता आलं असतं. रस्ता मोकळा होता.

घरापुढं माणसं जमली होती. वडील, बापू म्हणायचे त्यांना, डोक्याला हात लावून ओट्यावर. पाहुणे आपले जोडे शोधून निघायच्या बेतात. बायका आत रडत होत्या. विहिरी बघून झाल्या, कालव्याची माणसं परत आली नव्हती. मॅडमनी बापूंच्या समोर उकिडवं बसून विचारलं, "मेंढरं कुठं हायेत आज?"

"आता मेंढराचं काय काढलं मॅडम?"

"कुठं हायेत?"

"माझा भाऊ घेऊन गेलाय माळावर. त्याच्याकडं फोन न्हाई."

"तिकडं बघितलं?"

बापू त्या परिस्थितीतही चिडले. "तिकडं कशाला जाईल ती? शिकलेली पोरगी हाय ओ ती!"

तोवर मॅडम निघाल्यासुद्धा होत्या. बापू मागं, मी त्यांच्या मागं. माळ चढताना मला दम लागला, पण खरं म्हणजे दमाचं निमित्त करून मी मागं राहत होतो. पुढं काय दिसेल ते मॅडमला आधी दिसावं, मला नको.

मेंढरं दिसली. चुलता एका बाभळीखाली आडवा झाला होता. आणि कळपाच्या पलीकडच्या कडेला, परीक्षेला घालायचा तोच पिवळा ड्रेस घालून, हातात काठी घेऊन रेणुका उभी होती. एक मेंढरू वाट सोडत होतं, त्याला "हर्रर्र" करून वळवत होती. चुलत्याला तिनं सांगितलं होतं, आजपासून मीच येणार हाय.

बापू तिच्या अंगावर धावले. "आगं गावभर लोकं हिरी उपसून राहिले आन तू इथं?" त्यांचा हात उठला होता, पण तो तिच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं काय झालं कुणास ठाऊक, तो तिच्या डोक्यावरच टेकला आणि ते खाली बसले.

मॅडमनी डबी काढली. "खा."

"नको मॅडम."

"चावून खा."

ती खात असताना मॅडम तिच्या हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "काठी खाली घे. तळ बांध."

रेणुकानं काठीनं मातीत लिहिलं. तळ. गोल. वर एकेक सत्र, त्याच्या क्रेडिटनं गुणून. बेरजेला येऊन तिची काठी थांबली. तिनं ओळ पुसली, पुन्हा केली. मॅडमनी एक अक्षर सांगितलं नाही. भागाकार संपला तेव्हा ती त्या आकड्याकडे बघतच राहिली.

"किती?"

"सहा पॉइंट शून्य सात."

"वरून खाली केलंस. आता खालून वर कर."

तिनं केलं. तेवढेच आले. बापूंनी विचारलं, "ते शून्य सात म्हंजी किती ओ मॅडम? लई कमी वाटतंय."

"मेंढराचा कान बी न्हाई होत तेवढ्यात, बापू. पण तुमी सहा म्हणला होता. त्याच्या वर हाय. आता मेंढरं विका."

बापू रडता रडता हसले. त्या हसण्यातच मॅडमनी रेणुकाला विचारलं, "तुला पहिला आकडा कोणी सांगितला होता?"

रेणुकानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. तिनं माझा आवाज ओळखला होता, मी तिला एक वर्ष राज्यघटनेचा सक्तीचा पेपर शिकवला होता. माझे हात त्या उन्हात गार पडले, ते पहिल्यांदा तेव्हा.

"मीच काढला मॅडम," ती म्हणाली. "नुसतं सहानं भागलं."

"तुला मी तसं शिकवलं का?"

"न्हाई."

"बरं," मॅडम म्हणाल्या. विषय संपला. परतीच्या वाटेवर गाडीत त्या झोपल्या, किंवा डोळे मिटून बसल्या. एका वीस-एकवीस वर्षांच्या पोरीनं मला वाचवलं होतं आणि मी ते चालवून घेतलं.

पुढच्या जूनमध्ये कार्यभार कमी झाला असं कारण आलं आणि मॅडमना नवी ऑर्डर मिळाली नाही. त्यावर मी चकार शब्द काढला नाही. माझ्या बोलण्यानं काही झालं असतं असं नाही, पण बोललो असतो तर आज हे वाक्य लिहावं लागलं नसतं. वाशीमकडच्या एका कॉलेजात त्यांना काही तास मिळाले. डेपोत पोचवायला मी गेलो. दोन पिशव्या, खांद्यावर पर्स. बस लागली होती. मी ठरवून गेलो होतो, आज सांगायचंच.

"मॅडम, त्या दिवशी तुमचा फोन..."

त्यांनी पर्समधून डबी काढली. झाकण उघडलं आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. वर गुळाचा खडा.

"खा सर. उपाशी असाल."

मी त्या दाण्यांकडे बघत राहिलो. ज्याचा आकडा काढायचा, त्यालाच त्या असं द्यायच्या.

"लेकरं आता तुमच्याकडं येतील," त्या म्हणाल्या. "दारात उभं राहून ऐकत होतात, तुमाला येतंय सगळं. फोन आला तर उचला. न उचलणं बरं न्हाई. पण आकडा सांगू नका. नुसतं 'ये' म्हणा."

कंडक्टरनं घंटी मारली. त्या चढल्या. आत जागा होत्या, तरी दाराजवळच्याच सीटवर बसल्या. बस मागं सरकली, मग पुढं. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली. खाल्लं का?

मी दाणे तोंडात टाकले. गिळता येत नव्हतं. बस डेपोच्या फाटकातून वळेपर्यंत त्या मान मागं वळवून बघत होत्या, मी नीट चावतोय का, आणि माझा हात कापतोय का.